शिसे, दारू आणि साचा : तंजावरच्या मराठी राज्याचा दारूगोळा

तंजावरच्या मराठी राज्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने सरस्वती महाल ग्रंथालय, शहाजीराजांच्या काळातील नाट्यवाङ्मय, संगीत-नृत्याला लाभलेला राजाश्रय आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख यांच्याकडे वेधले जाते. हे स्वाभाविकच आहे. मात्र या राज्याच्या लष्करी बाजूचा उल्लेख जेव्हा येतो, तेव्हा तो बहुधा तलवारी, कट्यारी आणि फार तर एखाद्या थोरल्या तोफेपाशी येऊन थांबतो. त्या तोफेत आणि त्या काळच्या हजारो बंदुकांत काय भरले जात होते, ते कोठून येत होते, कोण विकत होते आणि संपले म्हणजे काय होत होते, हे प्रश्न क्वचितच विचारले गेले आहेत. वास्तविक शस्त्र टिकाऊ असते. बंदूक बापाकडून मुलाकडे जाते, तोफ तर शतकानुशतके बुरुजावर पडून राहते. दारूगोळा मात्र प्रत्येक बाराबरोबर नाहीसा होतो आणि पुन्हा मिळवावा लागतो. म्हणून एखाद्या राज्याच्या स्वायत्ततेचा अंदाज त्याच्या तोफांच्या संख्येपेक्षा त्याच्या दारूखान्यावरून अधिक नेमका बांधता येतो. तंजावरच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे.

आरंभी शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. मराठीतील ‘बंदूक’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे एक गोल कवचीचे फळ आणि त्यावरून गोफणीत किंवा धनुष्यात घालून फेकायची गोटी. म्हणजे आधी गोळीला नाव मिळाले आणि मग ती फेकणाऱ्या नळीने ते घेतले. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे शब्द पोर्तुगिजांनी दिले. ‘दारू’चे प्रकरण अधिक मनोरंजक आहे. फारसीत हा शब्द मुळात औषधवाचक आहे. मराठीतील ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अजूनही शिल्लक आहे. तंजावरच्या मराठी सैनिकाच्या कानावर रोज पडणाऱ्या तमिळ भाषेतही बंदुकीच्या दारूला ‘मरुंदु’ म्हणजे औषध असेच म्हणतात. सोऱ्याला ‘वेडियुप्पु’ म्हणजे स्फोटाचे मीठ, गोळ्याला ‘गुंडु’, तर छऱ्र्याला ‘रवै’. तमिळमधील तोफेचे नाव ‘पीरंगी’, म्हणजे आपल्या ‘फिरंगी’चेच भावंड. मराठीने हे नाव युरोपीय पात्याच्या तलवारीला दिले आणि तमिळने तोफेला, हा फरक नोंदवण्याजोगा आहे. वैद्याच्या खलबत्त्यात आणि दारूवाल्याच्या उखळात कुटल्या जाणाऱ्या वस्तू बऱ्याच अंशी सारख्याच होत्या, हे दोन परस्परभिन्न कुळांतील भाषांनी वेगवेगळ्या वाटांनी नोंदवून ठेवले आहे.

ज्यांचे नाव राज्यव्यवहारकोशाशी जोडले जाते, ते रघुनाथ नारायण हणमंते हे काही काळ एकोजीराजांचे कारभारी होते. त्या कोशाने दरबारी व लष्करी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. पण दारूखान्यातील कामकऱ्याने दारूला दारूच आणि गोळीला गोळीच म्हटले. विकत घेण्याच्या वस्तूची नावे बाजार ठरवतो, कोश नव्हे.

या वस्तू कोणत्या होत्या? काळ्या दारूचे घटक तीन : सोरा, गंधक आणि कोळसा. स्थूलमानाने शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोरा आणि उरलेल्यात कोळसा व गंधक असे प्रमाण अठराव्या शतकात सर्वत्र रूढ होत गेले. कोळसा गावोगाव मिळे. सोरा गोठ्याच्या, जुन्या भिंतींच्या आणि पांढरीच्या मातीतून पाणी झिरपवून, ते आटवून काढता येई; त्यासाठी खाण लागत नसे, माणसे आणि सरपण लागे. ही विद्या दक्षिणेला नवी नव्हती. पुण्याचे संशोधक प. कृ. गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर लिहिताना ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव (१४९७–१५३९) याच्या ‘कौतुकचिंतामणी’ या ग्रंथातील दारूकामाच्या कृतींकडे लक्ष वेधले होते. लग्नाच्या वरातीतील आणि देवाच्या उत्सवातील आतषबाजी करणारा कारागीर आणि किल्ल्यावरील दारू कुटणारा कामकरी यांच्या ज्ञानात फारसे अंतर नव्हते. ज्या नगरात उत्सव वर्षभर चालत, तेथे दारू करणारे हात दुर्मीळ असण्याचे कारण नव्हते.

गंधक आणि शिसे यांची गोष्ट निराळी. हे दोन्ही पदार्थ कावेरीच्या गाळाच्या प्रदेशात निघत नाहीत. युरोपीय कंपन्या भारतात जो माल विकायला आणीत, त्यात शिशाचे नित्य स्थान होते. जहाजाच्या तळाशी वजन म्हणून ते उपयोगी पडे आणि बंदरात उतरल्यावर लगेच गिऱ्हाईक मिळे. शिशाचा मोठा गुण असा की ते सुमारे ३२७ अंश सेल्सियसला, म्हणजे साध्या चुलीवरही, वितळते. लोखंडी पळी, दोन फाळ्यांचा साचा आणि विस्तव एवढ्या साहित्यावर कोणताही शिलेदार आपल्या बंदुकीच्या नळीला साजेशी गोळी घरच्या घरी ओतू शके. उडालेली गोळी भिंतीतून किंवा मातीतून उकरून पुन्हा वितळवता येई. मळी जाऊन थोडी घट होई इतकेच. ठासणीच्या बंदुकीच्या काळात गोळी ‘विकत घेणे’ म्हणजे बहुतेक वेळा शिसे विकत घेणे होय. गोळी करणे हे ज्याचे त्याचे काम. प्रत्येक बंदुकीच्या नळीचा व्यास वेगळा असल्याने ते सोयीचेही होते. बंदूक विकताना तिचा साचा बरोबर देण्याची पद्धत जगभर होती, ती याच कारणाने.

कवायती पलटणी आल्यावर या व्यवस्थेत बदल झाला. इंग्रज पायदळाच्या मस्केटची गोळी एका पौंड शिशात सुमारे चौदा या हिशेबाने ओतलेली असे. फ्रेंच मस्केटची नळी अरुंद होती. परिणामी फ्रेंचांची गोळी इंग्रजी बंदुकीत सैल का होईना चाले, पण इंग्रजांची गोळी फ्रेंच बंदुकीत नीट उतरत नसे. शत्रूचे लुटलेले तोसदान नेहमीच कामी येत नसे. लुटलेले शिसे मात्र नेहमी येई.

दारू टिकवणे हे ती करण्याइतकेच कठीण होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारूची भांडी जमिनीला टेकू न देता मांडणीवर ठेवावीत, ओल लागू देऊ नये आणि ठरावीक दिवसांनी दारू, बाण इत्यादी बाहेर काढून उन्हे दाखवून पुन्हा मोहरबंद करावेत, अशी सविस्तर सूचना आहे. सह्याद्रीच्या पावसाळ्याचा अनुभव त्या सूचनांमागे आहे. तंजावरला पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. ऑक्टोबर ते डिसेंबर हे भर पावसाचे महिने, आणि भोवताली पाण्याने भरलेली भातशेती. आज्ञापत्र कोल्हापूरकर छत्रपतींच्या राज्यातले असले, तरी त्यातील उन्हे दाखवण्याचा नियम कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात अधिकच निकडीचा ठरला असता. सोरा हवेतील ओल शोषून घेतो आणि ओली दारू पेटत नाही. महाराष्ट्रात पुढे थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत आंबेगवाण येथे तोफगोळ्यांचा कारखाना निघाला. मराठ्यांच्या दोन्ही राज्यांना ही गरज एकाच सुमारास तीव्रतेने जाणवली होती. फरक असा की पेशव्यांच्या हाती घाट, खनिज आणि अंतर होते, तंजावरच्या हाती किनारा होता.

हा किनारा विलक्षण होता. तरंगंबाडी येथे डेन लोक १६२० पासून होते. तंजावरचा रघुनाथ नायक याने त्यांना जागा दिली होती. नागपट्टणम १६५८ मध्ये पोर्तुगिजांकडून डचांकडे गेले. कारैकाल १७३९ मध्ये फ्रेंचांनी मिळवले. देवीकोट्टै १७४९ मध्ये इंग्रजांनी लढून घेतले. चार युरोपीय सत्तांची चार ठाणी एका लहानशा राज्याच्या किनाऱ्यावर, एकमेकांपासून घोड्याच्या एका-दोन दिवसांच्या अंतरावर. शिसे, गंधक, चकमकीचे दगड, तयार दारू, क्वचित तोफाही यांपैकी कोणाकडून तरी मिळू शकत. एकाने नकार दिला तर दुसऱ्याकडे जाता येई. तंजावरच्या राजांच्या परराष्ट्रनीतीतील जी अस्थिरता इंग्रज लेखकांना विश्वासघातकी वाटली, तिच्या मुळाशी बऱ्याच अंशी ही साधी बाब असावी. एकाच दुकानदारावर अवलंबून राहणे राज्याला परवडणारे नव्हते.

शस्त्र आणि दारूगोळा यांतील फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर तंजावरच्या पूर्वेकडील तटावरील ‘बीरंगी मेडु’ म्हणजे तोफेच्या टेकाडाकडे जावे. तेथील राजगोपाल तोफ नायक राजवटीतील, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानली जाते. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या आणि त्यांवर तापवून चढवलेली कडी घणाखाली सांधून ती घडवली आहे. लांबी सात मीटरांहून अधिक, वजन वीस टनांच्या आसपास. कानपूरच्या आय. आय. टी.तील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी २००४ मध्ये तिच्या घडणीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि मध्ययुगीन भारतीय लोहारकामाचा तो असामान्य नमुना असल्याचे दाखवून दिले. तिच्या रुंद तोंडाला दगडी गोळाच शोभला असता, आणि एका बाराला लागणारी दारू शेकडो बंदुकांना पुरली असती. मराठे आले, गेले. तोफ तेथेच राहिली. राज्याचे भवितव्य ठरले ते मात्र पळीभर शिशावर आणि मडकेभर दारूवर.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे १७५८ चा वेढा. फ्रेंच सेनापती काउंट लाली याने २ जून १७५८ रोजी इंग्रजांचा सेंट डेव्हिड किल्ला घेतला. मद्रासवर जाण्यासाठी पैसा नव्हता. प्रतापसिंह महाराजांनी पूर्वी चंदासाहेब व फ्रेंच यांच्या दडपणाखाली लिहून दिलेला ५६ लाख रुपयांचा कर्जरोखा पाँडिचेरीत पडून होता. तो वसूल करण्यासाठी लाली तंजावरवर चालून आला. सेंट डेव्हिडमध्ये सापडलेला, तंजावरच्या पदच्युत राजाचा नातलग घाटगे, यालाही गादीचा दावेदार म्हणून त्याने बरोबर घेतले. सैन्य चांगले होते, तयारी मात्र वाईट होती. कारैकालला पोहोचल्यावर धान्य नाही, बैल नाहीत, दारू अपुरी, असे आढळले. तेव्हा लालीने नागपट्टणमच्या डचांकडे आणि तरंगंबाडीच्या डेनांकडे धाक दाखवून दारूगोळ्याची व सामग्रीची मागणी केली. युरोपातून आलेली सुसज्ज पलटण तंजावरच्या किनाऱ्यावर शेजाऱ्यांच्या दारात दारू मागत होती. नागूर लुटले गेले. कीवळूरच्या मंदिरात धनाचा शोध घेतला गेला, आणि मंदिराभोवती घुटमळणाऱ्या सहा ब्राह्मणांना हेर ठरवून तोफेच्या तोंडी दिले गेले. ज्या सैन्यापाशी दारू मोजकी होती, त्याने तिचा असाही विनियोग केला, ही गोष्ट पुढील घटनांच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या कृत्यानंतर मुलखातून त्याला काही मिळण्याची आशा उरली नाही.

जुलैच्या उत्तरार्धात फ्रेंच तंजावरपुढे आले. प्रतापसिंहांनी बोलणी लांबवली. थोडे द्यायचे, ओलीस पाठवायचे, पुन्हा हिशेब काढायचा, असे करीत काही दिवस गेले. त्या दिवसांचे मोल दरबारात नेमके ओळखले होते. तिरुचिरापल्लीहून इंग्रजांचा कॅप्टन कॅलिऑड याने शिपायांची तुकडी आणि काही गोलंदाज पाठवले. पुदुक्कोट्टैच्या तोंडैमानांचे कळ्ळर रानावनातून फ्रेंचांची रसद तोडू लागले. तंजावरचा सेनापती मानोजी याचे घोडेस्वार छावणीभोवती घिरट्या घालीत होते. प्रत्येक हुलकावणीला फ्रेंचांना उत्तर द्यावे लागे, आणि प्रत्येक उत्तरात काडतुसे जात. घोडेस्वाराला गोळी लागली नाही तरी गोळी खर्ची पडत होती. गनिमी युद्धाचा विचार आपण नेहमी वेग आणि भूगोल यांच्या अंगाने करतो. समोरच्याचे तोसदान रिकामे करणे हेही त्याचे एक फलित होते.

ऑगस्टच्या आरंभी फ्रेंच मोर्चे सुरू झाले. तटाला खिंडार पाडायचे तर जड तोफांचा सलग मारा हवा. सलग मारा म्हणजे गोळे आणि दारू यांचा अखंड पुरवठा. येथे जे घडले ते वेढ्यांच्या इतिहासात अनोखे आहे. फ्रेंच बाजूच्या वृत्तांतानुसार अखेरीस छावणीत तोफगोळे उरले ते शत्रूने टाकलेलेच होते. तटावरून आलेला गोळा मातीतून उकरायचा, पुसायचा, आपल्या तोफेच्या तोंडात बसतो का ते पाहायचे आणि बसला तर परत पाठवायचा. गोळ्याचा आणि नळीचा मेळ न जमल्यास मधल्या फटीतून जोर निघून जातो, मारा दुबळा होतो. तरीही खिंडार पडू लागले. प्रतापसिंहांच्या गोलंदाजांनी बार करावा आणि त्याच लोखंडाने त्यांच्या तटाचा चुना उडवावा, अशी ही अवस्था होती. लोखंडी गोळा असा परत येऊ शकतो. जळलेली दारू परत येत नाही. हा फरकच निर्णायक ठरला.

३ ऑगस्ट रोजी समुद्रावर इंग्रज आरमाराचा प्रमुख पोकॉक याने फ्रेंच आरमारप्रमुख दाशे याच्याशी लढाई दिली आणि फ्रेंच जहाजे पाँडिचेरीकडे निघून गेली. कारैकालला धोका उत्पन्न झाला. समुद्रमार्गे येऊ शकणारी सामग्री थांबली. मद्रास कौन्सिलमध्ये बसलेला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या वृत्तांतात त्या वेळच्या फ्रेंच छावणीचा हिशेब आला आहे : तोफांसाठी अवघे १५० बार पुरतील एवढी दारू आणि शिपायामागे वीसही काडतुसे नाहीत. लालीने अधिकाऱ्यांची सभा घेतली. देस्तँसारखे मोजके अधिकारी ताबडतोब चढाई करावी या मताचे होते. बहुसंख्यांनी वेढा उठवण्याचा सल्ला दिला. त्यांचा युक्तिवाद भित्रेपणाचा म्हणता येणार नाही. उरलेली दारू खिंडारात जाळली आणि किल्ला पडला नाही, तर कारैकालपर्यंतच्या वाटेवर मानोजीच्या स्वारांना कशाने थोपवायचे, हा तो प्रश्न होता.

फ्रेंच निघणार याची कुणकुण किल्ल्यात लागली. १० ऑगस्टच्या पहाटे सुमारे पन्नास घोडेस्वार, फ्रेंचांची चाकरी पत्करायची आहे अशा मिषाने, लालीच्या मुक्कामापर्यंत आले. त्यांच्यापैकी एकजण रांग सोडून थेट दारूच्या गाड्याकडे दौडत गेला आणि त्यात पिस्तूल झाडून गाड्यासह स्वतः उडाला. ऑर्म त्याला नशेत असल्याचे म्हणतो. युरोपीय लेखकांना पौर्वात्य धाडसाचे दुसरे कारण सहसा सुचत नाही. त्या स्वाराचे नाव कागदावर उतरले नाही. पण छावणीतील कोणती वस्तू मारली असता सैन्य मरते, हे त्याला कळले होते, एवढे त्याच्या कृतीवरून निर्विवाद दिसते. त्याच गोंधळात किल्ल्यातून मानोजीने हल्ला केला. तो मोठ्या कष्टाने परतवला गेला; त्यातही उरलेली काडतुसे गेली. त्या रात्री फ्रेंचांनी वेढा उठवला. जड तोफा निकामी करून मागे टाकाव्या लागल्या. ज्या तोफांना खायला दारू नव्हती, त्या ओढून नेण्यात अर्थ नव्हता.

तंजावर १७५८ मध्ये वाचले याचे श्रेय इंग्रजांनी स्वतःकडे घेतले, फ्रेंचांनी लालीच्या हट्टाला दोष दिला. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण किल्ल्याची कोठारे वेढेकऱ्यांच्या आधी रिकामी झाली नाहीत, ही वस्तुस्थिती दोन्ही बाजूंनी गृहीत धरून सोडून दिली. किनाऱ्यावरच्या चार दुकानांपैकी दोघांशी वैर आले तरी बाकीची वाट खुली ठेवणारे आणि दारू आपल्या घरी कुटून घेणारे राज्य महिनाभर तग धरू शकले.

पुढल्या पंधरा वर्षांत हे चित्र पालटले, आणि त्याची कारणे फार लांब शोधावी लागत नाहीत. फ्रेंचांची सत्ता १७६१ मध्ये पाँडिचेरीच्या पाडावाने मोडली. म्हणजे विक्रेत्यांपैकी एक गेला आणि दुसरा प्रबळ झाला. १७७१ मध्ये अर्काटच्या नवाबासाठी कंपनीच्या फौजेने तुळजाराजांच्या तंजावरला वेढा घातला. खिंडार पडल्यावर तह झाला. १७७३ च्या सप्टेंबरात किल्ला घेतलाच. या वेळी वेढा घालणाऱ्यांची काडतुसे संपली नाहीत, कारण त्यांच्या पाठीशी मद्रास होते. तुळजाराजांनी डचांशी व्यवहार करून पैसा उभारण्याची धडपड केली होती. पुढे कंपनीने नागूर वगैरे प्रदेश डचांना सोडायला लावले. १७७६ मध्ये राज्य परत मिळाले, पण किल्ल्यात कंपनीची शिबंदी बसली आणि तिच्या खर्चापोटी वर्षाला चार लाख होन राजाने द्यायचे ठरले. यापुढे तंजावर दारूगोळ्यासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पैसा मोजत होते. फक्त तो दारूगोळा त्याचा नव्हता.

२५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनीकडे सोपवला. तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे त्यांच्याकडे राहिले. दोनच वर्षांनी, १ डिसेंबर १८०१ रोजी, मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह याने दक्षिणेतील पाळेगारी मुलखात शस्त्रबंदीचा जाहीरनामा काढला. शेजारच्या शिवगंगा-रामनाडच्या रयतेने साचे आणि नळ्या लपवाव्यात, अशा त्या काळात तंजावरच्या महालात मात्र विद्येचे नवे पर्व चालू होते. बिशप रेजिनल्ड हेबर १८२६ मध्ये तंजावरला आला. सरफोजींच्या व्यासंगाने तो थक्क झाला. हे राजे लाव्वाझिए आणि फूर्क्रुआ या रसायनशास्त्रज्ञांचे, लिनीयस व ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञांचे दाखले सहज देतात, असे त्याने लिहून ठेवले. आणि त्याच दमात, घोड्याचे ते उत्तम पारखी असून वाघावर त्यांचा नेम अचूक बसतो, असेही नोंदवले.

हेबरच्या त्या वाक्यातील दोन टोके सहसा एकत्र वाचली जात नाहीत. लाव्वाझिए केवळ प्राणवायूचा अभ्यासक नव्हता. १७७५ पासून तो फ्रान्सच्या सरकारी दारू-खात्याचा एक प्रमुख होता आणि सोऱ्याची पैदास व शुद्धता यांत त्याने घडवलेल्या सुधारणांमुळे फ्रेंच दारू युरोपात नावाजली. लालीच्या छावणीत वीस काडतुसे उरली, त्या पराभवांची जी चर्चा पुढे फ्रान्समध्ये झाली, तिच्यानंतरच्या पिढीतली ही सुधारणा. तिचा कर्ता तंजावरच्या राजाला मुखोद्गत होता. ज्ञान पोहोचले होते; ते वापरण्यासाठी लागणारे सैन्य, दारूखाना आणि अधिकार ही तीन्ही राजाजवळ नव्हती. बंदुकीची गोळी वाघासाठी उरली. नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ सरफोजींनी समुद्रकाठी साळुवनायकन्पट्टणम येथे १८१४-१५ च्या सुमारास ‘मनोरा’ नावाचा आठ मजली बुरूज बांधला. जो किनारा कधीकाळी चार सत्तांच्या दारूगोळ्याचा बाजार होता, त्यावर आता एकाच सत्तेच्या विजयाचे स्मारक उभे राहिले. सरफोजींच्या विद्याप्रेमाबद्दल आदर बाळगूनही या वास्तूकडे पाहताना अभ्यासकाला अवघडल्यासारखे व्हावे.

१८५५ मध्ये शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. पाठोपाठ महालातील खाजगी मालमत्तेवरही जप्ती आली. राणी कामाक्षीबाईंनी त्याविरुद्ध दावा लावला. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ही राज्यसत्तेची कृती असून न्यायालयाला तिचा विचार करता येत नाही, असा निर्णय दिला. हा निवाडा कायद्याच्या अभ्यासकांना आजही परिचित आहे. खाजगी संपत्ती पुढे १८६२ मध्ये राण्यांना परत दिली गेली, परंतु शस्त्रागाराची वाट वेगळी झाली होती.

त्यानंतरची कायदेशीर स्थिती थोडक्यात सांगता येईल. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्राप्रमाणेच दारूगोळ्यालाही परवाना आवश्यक केला. स्वतंत्र भारतातील १९५९ च्या कायद्यात ‘दारूगोळा’ या संज्ञेत तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही धरली आहे. म्हणून ज्या साच्यावर शिलेदार चुलीपाशी बसून गोळ्या ओतीत असे, त्याच्या आधुनिक वारसालाही परवान्याची कक्षा चुकत नाही. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हा प्रकार याच कायद्याने नावानिशी मान्य केला आहे. कोकणात अशा बंदुका अजून आढळतात, आणि दारू-छर्रा मोजून नळीत ठासण्याची जुनी रीत तेथे जिवंत आहे. अन्यत्र धातूच्या कवचाच्या काडतुसाने घरगुती गोळीचे युग संपवले. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला. तेथील ‘शक्तिमान’ ही बारा बोअरची काडतुसे देशभरच्या परवानाधारकांच्या परिचयाची झाली. तिरुचिरापल्ली येथे १९६६ मध्ये लहान शस्त्रांचा सरकारी कारखाना स्थापन झाला, तोही तंजावरपासून फार दूर नाही.

तिरुचिरापल्लीचे नाव तंजावरच्या शस्त्रांशी त्याआधीच, वेगळ्या रीतीने, जोडले गेले होते. मद्रासच्या मुलकी सेवेत असलेले एम. जे. वॉलहाउस यांनी १८७८ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त तंजावरच्या जुन्या शस्त्रागाराविषयी लेख लिहिला. त्यावरून असे कळते की महालातील शस्त्रांचे ढीग तिरुचिरापल्लीच्या लष्करी कोठारात नेण्यात आले. त्यांतील निवडक वस्तू मद्रासच्या सरकारी संग्रहालयासाठी बाजूला काढल्या गेल्या आणि उरलेली शस्त्रे मोडून भंगार लोखंडाच्या भावाने विकली गेली. रॉबर्ट एल्गूड यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दक्षिणी शस्त्रांवरील ग्रंथाला आधार मिळाला तो या वाचलेल्या निवडक वस्तूंचाच.

ही निवड कशी झाली असेल याची कल्पना संग्रहालयातील वस्तू पाहून करता येते. नक्षीच्या मुठी, याळीच्या तोंडाच्या कट्यारी, सोनेरी कोफ्तगारीचे अंकुश, पोलादाचे कोरीव काम अशा वस्तू निवडणाऱ्याच्या डोळ्यांत भरल्या. शिशाचा लगडा, काजळलेली पळी, दोन फाळ्यांचा साचा, दारू मोजण्याचे माप आणि चामड्याचे फाटके तोसदान यांना संग्रहालयात जागा मिळण्याचे कारण नव्हते; लोखंड तोलून गेले आणि शिसे पुन्हा एकदा वितळले. तंजावरच्या मराठ्यांचा लष्करी इतिहास तलवारीचा इतिहास म्हणून लिहिला गेला, याचे एक कारण त्या लिलावाच्या तराजूत आहे. मोडी दफ्तरातील सरंजाम, कोठी आणि खरेदी यांचे कागद या दृष्टीने वाचले गेल्यास दारूखान्याचा जमाखर्च पुन्हा मांडता येईल. बाराला किती दारू, मणाला किती गोळ्या आणि तो मण कोणत्या बंदरातून, कोणत्या भावाने आला, हे रकाने त्यात प्रथम पाहावे लागतील.